तक्रार नसलेला बडग्या

पोलिसांना माझा आयुष्यात एकदाच संशय आला, आणि तोही धाडसाचा. मला ओळखणारे लोक हे वाचून हसतील. त्यांनी खुशाल हसावं. त्या वेळी नोकरी पणाला लागली नसती तर मीही हसलो असतो.

नागपूरच्या जुन्या भागात, इतवारीच्या मागे, विणकरांच्या एका गल्लीत मी तेव्हा भाड्याने राहत होतो. घराघरात हातमाग होते, आणि रविवारी घराघरात असा रस्सा शिजे की तिसऱ्या घरातल्या माणसाला ठसका लागावा. त्या गल्लीत माणसांची प्रतवारीही रश्श्यावरूनच व्हायची. कोणी जहाल असला तर म्हणत, "नुसती तर्री आहे." कोणी वरून गरीब आणि आतून तापट निघाला तर म्हणत, "याचा मसाला खाली बसला आहे, ढवळू नको." मी राहायला आल्यावर महिन्याभरातच माझाही निकाल लागला. फिक्का.

शब्दांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, म्हणून एक फरक सांगून ठेवतो. अळणी म्हणजे ज्यात मीठ राहून गेलं. त्यात कोणाची तरी चूक असते. फिक्क्यात कोणाची चूक नसते, ते तसंच असतं. गल्लीनं मला अळणी म्हटलं नाही, फिक्का म्हटलं. हा न्याय मला मान्य होता.

एका सरकारी कचेरीच्या हिशेब शाखेत मी कारकून होतो. हंगामी. पत्रांचे मसुदे करणं हे माझं काम. माझ्या पत्रातून कोणाला हो म्हटलं असं होत नसे आणि नाही म्हटलं असंही होत नसे. माझा एकही मसुदा कधी आक्षेप लागून परत आला नाही. साहेबांनी माझ्याबद्दल गोपनीय शेरा लिहिला होता: "काम अचूक. उत्साह आढळत नाही." शेरा गोपनीय असला तरी त्याचा मसुदा माझ्याकडेच आला होता. मी त्यात एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

बायको सावनेरकडची, शेतकऱ्याची मुलगी. ती बोलली की बांधापलीकडे ऐकू जाई. लग्नानंतर तिनं माझ्याशी भांडायचे पुष्कळ प्रयत्न केले. एकदा दमून म्हणाली, "तुमच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर शेण मारणं. भिंतीले तं शेण चिकटते तरी!"

मी भिंतीकडे पाहिलं.

आता बडग्याबद्दल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी, असे दोन बायकांचे प्रचंड पुतळे असतात आणि त्यांच्या मागेपुढे गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे बांबू, तणस, कागद आणि जुने कपडे यांचे पुरुष. वर्षभराची पीडा त्यांच्या अंगावर घालायची आणि नेऊन जाळायची. एकानं पीडेचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" रोगराई नेहमीचीच, पण भाववाढ, भेसळ, लाच, त्या वर्षी जे काही छळत असेल ते सगळं त्यात येई. बडग्याच्या गळ्यात पाटी असे, आणि त्याचं तोंड गावातल्या कोणाच्या तरी तोंडासारखं असे. कोणाच्या, ते लहान पोरांनाही कळे.

आमच्या गल्लीत पीडेचं नाव घ्यायचा मान शेजारच्या विणकर काकांचा होता. जन्मभर मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे. ते घरात पाणी मागत तेव्हा आमच्याकडे बायको उठून उभी राही.

आणीबाणी लागली त्या वर्षीची ही गोष्ट. पलीकडच्या गल्लीतल्या एका मास्तरांना मिसा कायद्याखाली धरून नेलं होतं. त्यांची बायको विचारणाऱ्याला सांगे, रामटेकला नातेवाइकांकडे गेले आहेत. विचारणारा म्हणे, "बरं केलं. रामटेकची हवा चांगली." सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि त्या पावसाळ्यात रामटेकच्या हवेची जेवढी स्तुती झाली तेवढी कधी झाली नसेल.

पोळा जवळ आला तेव्हा ठाण्यातून निरोप आला. मिरवणूक काढा, पण घोषणा आधी लिहून द्या आणि खाली जबाबदार माणसाची सही हवी. संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"बाबू, तू करून दे गा सही."

"मी सरकारी नोकर आहे, काका."

"म्हणूनच तं! तुह्यावर कोन संशय घेईन? तुले पाहून कुत्रंही भुंकत नाई."

हे खरं होतं. कोपऱ्यावरचं कुत्रं पोस्टमनवर भुंके, दूधवाल्यावर भुंके, मी गेलो की डोळे मिटून घेई. तरी मी नाही म्हणायच्या बेतात होतो. माझा नोकरीत कायम होण्याचा कागद त्याच सुमारास वर गेला होता, आणि त्यासाठी पोलिसांकडून माझ्या वर्तणुकीचा अहवाल यायचा होता. सात वर्षं हंगामी राहिलेल्या माणसाला कायम या शब्दाची भूक किती असते ते सांगून कळणार नाही. पण आतून बायकोचा आवाज आला, "करा न! एखादं काम तं असं करा, ज्यात तुमी लोकायले दिसता." आणि मला वाटलं, यादी माझ्या हातून गेली तर काहीच घडणार नाही. काहीच घडू न देणं हे माझं कामच होतं.

काका सांगू लागले आणि मी तपासू लागलो.

"लिही. महागाईले घेऊन जा गे मारबत."

"महागाई आहे असं सरकारनं म्हटलेलं नाही. रेडिओवर रोज सांगतात, भाव उतरले."

"मंग लिही, उतरलेल्या भावायले घेऊन जा."

"त्याचा अर्थ वाईट निघतो."

"बरं. घासलेटच्या लाइनीले?"

"घासलेट मिळतं, काका. उशिरा मिळतं."

"लाचखाऊ बाबू लोकायले?" मी वर पाहिलं. "तुले सोडून," ते घाईनं म्हणाले.

"कोणी खाल्ली, कोणाकडून, हे सांगता येईल का?"

"मीच देली न! सुताच्या परवान्याले."

"पावती?"

काकांनी पान थुंकलं. "लाचेची पावती भेटते का गा?"

"नाही ना. मग ते सिद्ध होत नाही."

"डासायले तरी नेऊ दे बाबा!"

डासांचा मी खरोखर विचार केला. पण हिवताप हटल्याची पाटी आमच्याच भिंतीवर रंगवलेली होती. हिवताप नाही आणि डास आहेत, असं म्हणणं म्हणजे पाटीवर अविश्वास दाखवणं. आम्ही दोघंही त्या वेळी पायांवरचे डास मारत होतो. मी डास वगळले.

शेवटी सर्दी, खोकला आणि खरूज एवढं उरलं. यांच्याबद्दल सरकारचं काही म्हणणं नव्हतं. मी सही केली आणि ठाण्यात कागदावर शिक्का बसला.

मग बडग्याच्या तोंडाचा प्रश्न आला. गल्लीतली मंडळी रंग घेऊन बसली. मिशी काढली तर तो एका पुढाऱ्यासारखा दिसे, पुसली तर दुसऱ्यासारखा. टोपी घातली तर तिसराच. एकदा नाक जरा लांब झालं तेव्हा कोणीतरी उठून दार लावून घेतलं. मी म्हणालो, तोंड नकोच. पांढरं फडकं ताणून बसवा. तसंच केलं.

पण गळ्यात पाटी नसेल तर बडगा उघडा वाटतो, असं काकांचं म्हणणं पडलं. म्हणून मी पाटी लिहिली, टपोऱ्या अक्षरात:

आमची काही तक्रार नाही.

यापेक्षा निर्धोक वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही. त्यात कोणाचं नाव नव्हतं, कशाबद्दल आरोप नव्हता आणि ते शेवटी पूर्णविराम देऊन संपवलेलं होतं.

मिरवणुकीत जबाबदार माणूस म्हणून मी बडग्याच्या बाजूनं चालत होतो. गल्लीतून बाहेर पडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो, आणि पहिल्यांदा एका पानठेल्यावरचा माणूस हसला. मला वाटलं, त्याला दुसरं काही आठवलं असेल. मग सोनाराच्या ओट्यावरची सगळी रांग हसली. वरच्या खिडकीतून एका म्हातारीनं वाचता येणाऱ्या कोणाला तरी विचारलं, "काय लिवलं वं?" तिला सांगितल्यावर ती पदर तोंडात कोंबून आत पळाली. लोक टाळ्या वाजवू लागले. मी अक्षराकडे पुन्हा एकदा पाहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, पण टाळ्या वाजवण्याइतकं नव्हतं.

काका पुढं होते. त्यांनी छाती भरून घेतली.

"सर्दीलेऽऽ!"

"घेऊन जा गे मारबत!"

"खोकल्यालेऽऽ!"

"घेऊन जा गे मारबत!"

"खरजेलेऽऽ!"

"घेऊन जा गे मारबत!"

यादी संपली. पण काकांची छाती वर्षानुवर्षं पंचवीस-तीस पीडांना सरावलेली. त्यांनी सवयीनं पुन्हा श्वास घेतला, हात वर केला, तोंड उघडलं, आणि त्यांना आठवलं की बाबूनं पुढं काही ठेवलेलंच नाही. ते तसेच उभे राहिले, आ वासून, हात वर. रस्ता शांत झाला. बिनतोंडाचा बडगा, त्याच्या गळ्यातली माझी पाटी आणि काकांचं उघडं तोंड, असं सगळं एका ओळीत होतं.

आणि लोकांनी, काही न ऐकताच, गर्जना केली: "घेऊन जा गे मारबत!"

त्यानंतर काका शब्द बोललेच नाहीत. ते नुसते हात वर करून तोंड उघडत आणि उभा रस्ता ओरडे. दुसऱ्या गल्ल्यांचे लोक आपले बडगे सोडून आमच्या मागे आले. मी काकांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "काका, यादीबाहेरचं काही म्हणू नका." ते म्हणाले, "म्हणून राहिलो का मी काही?" ते खरंच काही म्हणत नव्हते. बडगा जळेपर्यंत ते काही म्हणाले नाहीत. जाळण्याआधी पाटी एका हवालदारानं काढून घेतली. मला वाटलं, आठवण म्हणून.

त्या दिवशी बायकोनं मला पाट मांडून जेवायला वाढलं. माझ्याकडे एकदोनदा पाहिलं. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. असं पाहिलेलं मला आठवत नव्हतं.

दोन दिवसांनी ठाण्यात बोलावणं आलं. ठाणेदार नवीनच बदलून आले होते, पार कोल्हापूरकडून. मारबत त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्या टेबलावर माझी पाटी होती.

"याचा अर्थ काय?"

"तक्रार नाही, असा."

"कोणाची?"

"आमची."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे मंजूर यादीत नव्हतं."

"यादी घोषणांची होती. पाटी ओरडायची नव्हती."

कोपऱ्यातल्या हवालदारानं खोकला दाबला. ठाणेदारांचा चेहरा लाल होऊ लागला. मी प्रत्येक प्रश्नाला अचूक उत्तर देत होतो आणि प्रत्येक उत्तराबरोबर मी जास्त उर्मट ठरत होतो, हे मला दिसत होतं. पण चुकीचं उत्तर मला सुचेना.

"पुतळ्याला तोंड का नव्हतं?"

"काढलेलं प्रत्येक तोंड कोणाचं ना कोणाचं दिसत होतं, साहेब."

"कोणाचं?"

इथे मी गप्प बसलो. ते खुर्चीत मागं रेलले. त्यांना हवं ते मिळालं होतं.

"हे पाहा," ते म्हणाले, "तुमच्या नोकरीचा कागद माझ्याकडे आलेला आहे. तुम्ही एक तर फार पोचलेले आहात, नाही तर... " पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. तो मी त्यांना देऊ शकलो असतो. "तुम्ही कसे आहात हे सांगणारी माणसं आणा. शुक्रवारपर्यंत. नाही तर मी काय लिहायचं ते लिहीन, आणि लिहून थांबणार नाही."

मी बाहेर पडलो. नोकरी जाणार होती, आणि कदाचित मलाही रामटेकची हवा लागणार होती. वाचायला एकच मार्ग होता. मी फिक्का आहे हे कोणीतरी सांगायला हवं होतं. मला वाटलं, हे सोपं आहे. साक्षीदारांनी गल्ली भरली आहे.

काकांना मी गाठलं. "काका, फक्त खरं सांगा. मी फिक्का आहे एवढंच सांगा."

"तुले फिक्का म्हणू?" काका ओरडले. "जीभ झडन माही! अख्ख्या शहराले हालवलं तुनं!"

"मी काही केलेलं नाही, काका."

"हेच तं! काही न करता हालवलं!"

ते माझ्याबरोबर ठाण्यात आले आणि मी अडवायच्या आत बोलून मोकळे झाले. "साहेब, हा माणूस म्हणजे वाघ आहे. आमाले इतकी वर्षं समजलाच नाई. मसाला खाली बसला होता." ठाणेदारांनी ते शब्दशः लिहून घेतलं. हवालदारानं त्यांना मसाल्याचा अर्थ समजावून सांगितला.

कचेरीत मी साहेबांकडे गेलो. ज्यांनी उत्साह आढळत नाही असं लिहिलं होतं, त्यांनी आता एवढंच लिहावं की तो अजूनही आढळत नाही. साहेबांनी दार लोटून घेतलं, विचार केला आणि म्हणाले, "असं करा, मसुदा तुम्हीच आणा." मी आणला. त्यांनी तो वाचला आणि घाबरून माझ्याच जुन्या पद्धतीनं सुधारला. शेवटी जे पत्र झालं त्यातून मी धाडसी आहे असं होत नव्हतं आणि नाही असंही होत नव्हतं. उत्तम पत्र होतं. ठाणेदार ते वाचून म्हणाले, "म्हणजे यांनाही काही बोलायचं नाही. सगळी तुमचीच टोळी दिसते."

राहिली बायको.

तिला सांगणं अवघड होतं. त्या चार दिवसांत ती बदलली होती. सार्वजनिक नळावर बायका तिला पुढं जागा देत होत्या. सावनेरला तिनं माझ्या पराक्रमाचा निरोप धाडला होता. काम करताना गुणगुणत होती. तिला मी म्हणालो, "ठाण्यात येऊन सांगशील का, मी कसा आहे ते?"

"कसे म्हणजे?"

"म्हणजे, नेहमी सांगतेस तसं."

तिनं हातातली पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगवली आणि काढली. मग म्हणाली, "पटकन जेवून घ्या. जाऊ."

ठाणेदारांनी तिला खुर्ची दिली आणि हवालदाराला चहा आणायला सांगितलं. चहा आला. मी माझा पिऊन कप खाली ठेवला. ठाणेदारांचा निवत राहिला, कारण बायको बोलू लागली होती.

"साहेब, काय सांगू तुमाले या माणसाचं! घरमालकानं आमचा नळ बंद केला. मी म्हटलं, जा, भांडा. हे गेले. त्याले नमस्कार करून आले! मले असा राग आला. म्हटलं, आता हे तोंड उघडतीन तेव्हाच वरणात मीठ. मीठच बंद केलं, साहेब. वरणात नाही, भाजीत नाही, कणकीत नाही. उद्या म्हणतीन, परवा म्हणतीन... काही नाही! पाट घेतला, जेवले, हात धुतला, कचेरीत गेले. एखादं जनावर असतं तं त्यानंही दावं तोडलं असतं. शेवटी मीच अळणी खाऊन खाऊन कंटाळली आणि टाकलं मीठ. तेव्हाही काही बोलले नाही. हे लोकायले उठवतीन? स्वतः सकाळी उठतेत तेच आवाज न करता!"

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याची पाठ हलत होती. बायकोचा आवाज मध्येच थोडा चिरला. ती हसवत होती, पण तिच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरलेले होते. नळावरची जागा, सावनेरचा निरोप, सगळं ती एकेक करून त्या टेबलावर ठेवत होती.

ठाणेदार माझ्याकडे वळले. "खरं आहे हे? तुम्हाला कळलंच नाही?"

इथे खरी अडचण होती. कारण मला कळलं होतं. पहिल्याच घासाला कळलं होतं. त्या दिवशी वाटलं, विसरली असेल. विसरलेल्या माणसाला आठवण करून देणं बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, मुद्दाम केलं असेल. मग तर विचारणं आणखीच वाईट. त्यानंतर फार उशीर झाला होता. पण हे सांगितलं असतं तर ठाणेदारांना काय दिसलं असतं? सगळं कळत असून गप्प बसणारा माणूस. म्हणजे पाटीचा त्यांनी लावलेला अर्थच खरा ठरला असता. आणि खोटं मला बोलता येत नाही. मी खरं सांगण्यासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात ठाणेदारांनी चहाचा घोट घेतला आणि परत कपात थुंकला.

"अरे, साखर कुठं आहे यात?"

हवालदार धावत आला. ठाणेदारांची नजर माझ्या कपावर गेली. तो तळापर्यंत रिकामा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी जे आलं ते मला चांगलं ओळखीचं होतं. गल्लीतली माणसं माझ्याकडे तसंच बघत.

त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: "सदर इसम निरुपद्रवी आहे."

"बाई," ते बायकोला म्हणाले, "तुम्ही फार सोसलंय."

"व्हय न," बायको म्हणाली आणि पदरानं कपाळ पुसलं.

परत येताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती. सराफा बाजाराच्या तोंडाशी थांबली.

"एक सांगा. चहात साखर नव्हती, कळलं होतं का?"

"कळलं होतं."

ती रस्त्याच्या मधोमध वळली. मागून सायकलवाला घंटी वाजवून वाजवून बाजूनं गेला. "मंग वरणातलंही?"

"हो."

"कधी?"

"पहिल्या घासाला."

"मंग बोलले काहून नाही!"

ती एवढ्या जोरानं बोलली की दुकानातली माणसं बाहेर पाहू लागली.  मी म्हणालो, "चालत होतं." ती वळली आणि झपाझप चालू लागली.

गल्लीच्या तोंडाशी काका आणि सगळी मंडळी उभी होती. "काय झालं गा?"

"सोडलं," बायको म्हणाली. "निरुपद्रवी आहे म्हणून लिहून दिलं."

ती खाली मान घालून पुढं जायला निघाली. तेवढ्यात काकांनी दोन्ही हात वर केले. "पाहा! ठाणेदारालेही गंडवलं! पाहा गा, कसा गरिबावानी उभा आहे!" आणि सगळे हसत, माझ्या पाठीवर थापा मारत घरापर्यंत आले. सरकारी कागदावर शिक्क्यासह लिहिलेली गोष्ट त्या गल्लीत कोणी खरी मानली नाही. मी ती गल्ली सोडेपर्यंत मानली नाही. पुढे दिवाळीआधी माझा कायम झाल्याचा आदेशही आला.

खरं काय ते फक्त बायकोला माहीत होतं. त्या संध्याकाळी तिनं मुकाट्यानं ताट वाढलं आणि भिंतीला टेकून बसली. गुणगुणणं बंद होतं. मी वरणभात कालवला. पहिला घास घेतला. वरण अगदी हवं तसं झालं होतं, मीठ, हळद, हिंग, काही इकडचं तिकडं नाही.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. हात पुढं करून माझ्या ताटातलं वरण बोटावर घेऊन चाखलं. पुन्हा एकदा चाखलं.

"बरोबर तं आहे."

"कमी आहे."

तिनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठली, मिठाची बरणी आणली आणि माझ्या ताटाशी आपटली. "घ्या! आणि असंच असेल तं तक्रार लेखी द्या. खाली सही करून!"

तिचा आवाज पलीकडे काकांच्या घरापर्यंत गेला असणार, कारण त्यांचा माग थांबला. मी चिमूटभर मीठ घेऊन वरणात घातलं. वरण खारट झालं. मी ते सगळं संपवलं.